न्हाणीघरातील वीज

सातपुड्याच्या डोंगररांगांतील धूलकोटच्या परिसरात मार्गशीर्ष उजाडला की पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागतो. पूर्वी अशा पहाटे घरातले एखादे माणूस सर्वांच्या आधी उठे, अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीत काटक्या सारी, त्यांवर हंडा चढवी आणि पाणी तापले म्हणजे एकेकाला आंघोळीसाठी हाक मारी. त्या विस्तवाचा एक मोठा गुण होता. तो दिसत असे. धूर डोळ्यांना लागे, ठिणगी उडे, ऊब दुरूनच कळे. रांगते मूलसुद्धा एकदा चटका बसला की पुन्हा त्याच्या वाटेस जात नसे.

आता दिवस पालटले आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेनंतर वाड्यावस्त्यांवरील कितीतरी घरांत प्रथमच वीज आली. २०१४ पासूनच्या स्वच्छता मोहिमेत घरोघरी शौचालये उभी राहिली आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या शेजारीच चार भिंतींची, दाराला आतून कडी असलेली न्हाणी झाली. बायाबापड्यांना आडोसा मिळाला, सरपणाची वणवण कमी झाली. ही गोष्ट निःसंशय आनंदाची आहे. परंतु चुलीची जागा ज्या वस्तूने घेतली, ती बादलीत सोडलेली आणि लोकांच्या तोंडी नुसती ‘रॉड’ ह्या नावाने रुळलेली वस्तू, चुलीप्रमाणे आपला धाक स्वतःबरोबर घेऊन आलेली नाही. विजेला रंग नाही, वास नाही, धूर नाही. तारेत ती आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही; आणि हाताने कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

तेव्हा विजेची सोय तर हवी, पण न्हाणीघरात तिच्यापासून जिवास धोका नको, हे कसे साधावे? ह्या प्रश्नाच्या उत्तराचा मूळ धागा बुऱ्हाणपूर जिल्ह्यातच सापडतो. धूलकोटचा माणूस कामानिमित्त बुऱ्हाणपुरास गेला, तर तापीच्या काठावरील शाही किल्ला त्याच्या नजरेस पडतोच. त्या किल्ल्यात मोगल काळातील हमामखाना आजही पाहावयास मिळतो. १६३१ साली ह्याच शहरात जिने देह ठेवला, त्या मुमताज महलच्या नावाशी लोक त्याची आठवण जोडतात. पाण्याच्या बाबतीत बुऱ्हाणपूर त्या काळी फार पुढारलेले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि शंभराच्या आसपास कुंड्यांच्या मालिकेतून, कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उतारावर शहराकडे आणणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा आहे.

अशा हमामखान्यांच्या रचनेत एक सूत्र कटाक्षाने पाळलेले असे. पाणी तापविण्याची भट्टी स्नानगृहात नसे. ती भिंतीपलीकडे असे. तेथे नोकर जळण घालीत, तेथेच धूर होई आणि तेथून फक्त ऊन पाणी व त्याची ऊब नळांवाटे आत येई. स्नान करणाऱ्याच्या वाट्याला ऊब येई, आग येत नसे. आग पलीकडे आणि पाणी अलीकडे, हे त्या कारागिरांचे सूत्र विजेच्या युगातही तितकेच खरे आहे. किंबहुना आज ते अधिक खरे आहे. कारण लाकडाची आग पाण्याने विझते, विजेची आग मात्र पाण्याच्याच वाटेने माणसापर्यंत पोहोचते.

हे असे का होते, ते थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. हा दाब शरीरातून किती प्रवाह ढकलू शकेल, हे शरीर त्या प्रवाहास किती अडथळा करते ह्यावर अवलंबून असते. माणसाची कोरडी, राठ कातडी बराच अडथळा करते. म्हणूनच कोरड्या हाताने, पायात जाड चप्पल असताना बसलेला झटका पुष्कळदा ‘हात झिणझिणला’ एवढ्यावरच निभावतो, आणि माणसाची अशी समजूत होते की विजेचा धक्का म्हणजे फारसे काही नव्हे. पण हाच माणूस न्हाणीत जातो तेव्हा त्याची स्थिती पूर्णपणे पालटते. अंगावर वस्त्र नाही, सर्वांग भिजलेले, पाय अनवाणी आणि पायाखाली ओली फरशी. कातडीचा अडथळा अशा वेळी बराचसा नाहीसा होतो आणि शरीराचा एकूण रोध सुमारे हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला हजार ओहमने भागले तर उत्तर येते २३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी.

हा आकडा लहान वाटतो. साठ वॅटचा जुना पिवळा दिवा ह्याहून किंचित जास्तच प्रवाह घेत असे. परंतु माणसाचे शरीर दिव्याच्या तारेपेक्षा कितीतरी नाजूक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकांनी ह्या विषयाचा कसून अभ्यास केला. स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या हातात तार देऊन, मूठ सोडता येईनाशी होण्यास किती प्रवाह पुरतो, हे त्यांनी मोजले. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा सरासरीने १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांच्या बाबतीत सुमारे साडेदहा मिलिअँपिअर निघाला. ह्यापलीकडे प्रवाह गेला की हाताचे स्नायू आपोआप आवळले जातात. माणसाला सुटावेसे वाटते, पण त्याचीच मूठ त्याला सोडीत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ असे लोक म्हणतात त्याचा अर्थ हाच. प्रवाह तीस मिलिअँपिअरच्या पुढे गेला आणि टिकून राहिला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरू लागते, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही मिनिटांत सारे संपते. आजकालचा नऊ वॅटचा लहानसा दिवासुद्धा सुमारे चाळीस मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे ज्या प्रवाहाने न्हाणीतला दिवा जेमतेम उजळतो, तेवढा प्रवाह भिजलेल्या माणसाचा प्राण घेण्यास पुरे पडू शकतो.

ह्यावरून दुसरी एक समजूत किती फसवी आहे हेही ध्यानात येईल. ‘घरात फ्यूज आहे, नवीन पद्धतीचा एमसीबी आहे, काही झाले तर बटन आपोआप पडेल,’ असे अनेकांना वाटते. फ्यूज आणि एमसीबी ही दोन्ही साधने आवश्यक आहेत; परंतु त्यांचे काम तारांचे रक्षण करणे हे आहे. तारेतून तिच्या शक्तीबाहेर प्रवाह वाहू लागला, तर ती तापून पेट घेऊ नये म्हणून ती साधने प्रवाह तोडतात. गीझरच्या जोडणीवरचा एमसीबी सोळा अँपिअरचा असला, तर माणसाच्या शरीरातून जाणारा पाव अँपिअर त्याच्या खिजगणतीतही येत नाही. शेजारच्या खोलीत एमसीबी शांतपणे चालूच राहतो आणि न्हाणीत माणूस कोसळतो. दार आतून बंद असते, नळाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, आणि ‘अजून कशी आंघोळ आटोपली नाही’ अशी शंका येईपर्यंत मौल्यवान मिनिटे निघून गेलेली असतात.

मग माणसाचे रक्षण करणारी साधने कोणती? ती दोन आहेत आणि दोन्ही असावयास पाहिजेत. पहिले अर्थिंग व दुसरे आरसीसीबी.

अर्थिंग म्हणजे उपकरणाच्या धातूच्या अंगाची जमिनीशी केलेली भक्कम जोडणी. तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड पिन ह्याचसाठी असते. रॉडच्या किंवा गीझरच्या आतली तार कधी उघडी पडली आणि बाहेरच्या धातूला टेकली, तर ह्या जोडणीवाटे प्रवाह सरळ जमिनीत जातो, तो मोठा असल्याने फ्यूज वितळतो किंवा एमसीबी पडतो, आणि माणसाचा हात लागण्यापूर्वीच धोका टळतो. परंतु प्रत्यक्षात काय आढळते? भिंतीवरच्या खोबणीत तीन भोके दिसतात, पण वरच्या भोकामागे तारच नसते. कोठे तार असते, पण ती अंगणातल्या ज्या खड्ड्यापर्यंत जावयास हवी तेथे पोहोचलेली नसते. कोठे खड्डा असतो, पण त्यातील कोळसा व मीठ कधीच निकामी झालेले असते आणि उन्हाळ्यात त्यात तांब्याभर पाणीही कोणी ओतलेले नसते. जुन्या घरांत पाण्याच्या लोखंडी नळालाच अर्थिंगची तार गुंडाळण्याची चाल होती. पुढे लोखंडी नळ जाऊन त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे आले. ती तार नळाच्या उरलेल्या तुकड्याला तशीच बांधलेली राहिली, पण जमिनीशी असलेले तिचे नाते तुटले. डोळ्यांना सारे ठीक दिसते, आणि हेच त्यातले भय आहे.

ह्याहून घातक म्हणजे खर्च वाचविण्यासाठी अर्थिंगच्या भोकाला न्यूट्रलची तार जोडून देण्याची युक्ती. टेस्टरने पाहता सर्व सुरळीत भासते, उपकरणही चालते. पण खांबापासून घरापर्यंत कोठेही न्यूट्रल सुटली, तर गीझरचे धातूचे अंग, त्याचे लोखंडी नळ आणि तोटी ह्या सर्वांत पूर्ण दाबाची वीज उतरते. अशी जोडणी करून देणाऱ्या कारागिराचे आभार न मानता त्यास दारातूनच परत पाठविणे शहाणपणाचे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आणि दर वर्षी उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी घालणे, हा घराच्या शाकारणीइतकाच नित्याचा भाग झाला पाहिजे.

आरसीसीबी हे दुसरे साधन. नाव अवघड आहे, तत्त्व सोपे आहे. बुऱ्हाणपूरच्या केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास ते चटकन उमजेल. पाटाच्या मुखाशी जेवढे पाणी सोडले, तेवढे शेवटी पोहोचले नाही, तर मध्ये कोठेतरी पाट फुटला आहे असे तो ताडतो. आरसीसीबी विजेच्या बाबतीत हाच हिशेब अहोरात्र ठेवते. फेजच्या तारेने जितका प्रवाह घरात गेला, तितकाच न्यूट्रलच्या तारेने परत आला पाहिजे. त्यात तीस मिलिअँपिअरची तूट आली, तर ती वाट चुकून जमिनीकडे, कदाचित एखाद्या माणसाच्या देहातून, जात आहे असे समजून हे साधन सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत वीज तोडते. तूट मोठी असेल तर त्याहूनही फार लवकर. माणसाला झटका बसतो, पण हृदयाची लय बिघडण्यापूर्वी तो सुटतो.

हे साधन आले आणि जगातील न्हाणीघरांचे नियम बदलले. ह्याच डॅल्झिएलसाहेबांनी १९६१ साली अशा उपकरणाची अमेरिकन पद्धतीची रचना केली, आणि १९७५ पासून तेथील विद्युतसंहितेने न्हाणीघरातील खोबण्यांना असे संरक्षण असलेच पाहिजे असे ठरविले. ब्रिटनमधील न्हाणीघरांत दिव्याचे बटन भिंतीवर नसून छतातून लोंबणारी दोरी ओढून दिवा लावतात. ओल्या हाताचा विजेशी संबंधच येऊ नये, हा त्यातला हेतू. हे नियम हौसेने झालेले नाहीत. फ्रान्सचा अतिशय लोकप्रिय गायक क्लोद फ्रान्स्वा ११ मार्च १९७८ रोजी पॅरिसमधल्या आपल्या घरी, न्हाणीत असताना, भिंतीवरचा दिवा नीट करावयास गेला आणि विजेच्या धक्क्याने जागीच गेला. धन, कीर्ती, राजधानीतले घर, ह्यांपैकी काहीही त्याच्या आणि त्या दिव्याच्या मध्ये उभे राहिले नाही. ओल्या हाताला वीज माणूस ओळखून सोडीत नाही.

आरसीसीबीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्यास ती वाचवू शकत नाही, कारण त्या वेळी हिशेबात तूट येत नाही. शिवाय ती यंत्र आहे. यंत्र अडकून बसते. म्हणून तिच्यावर ‘टेस्ट’ असे लिहिलेले एक बारीक बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज गेली तर ती जागी आहे. गेली नाही तर वायरमनला बोलवावे. अमावास्या-पौर्णिमा ध्यानात ठेवणाऱ्या घरात महिन्याची ही एक आठवण राहणे कठीण नाही.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळू. खेड्यापाड्यांत, आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांत व कामगारांत, रॉडचा उपयोग विशेष. तो स्वस्त आहे, भिंतीत बसवावा लागत नाही. त्याची घडण अशी असते की धातूच्या नळीत तापणारी बारीक तार असते, आणि ती नळीला टेकू नये म्हणून सभोवार एक पांढरी भुकटी दाबून भरलेली असते. विहिरीच्या जड पाण्याने नळीवर क्षाराचे पापुद्रे चढतात, त्यांखाली नळी अधिक तापते, हळूहळू तिला बारीक चीर पडते. त्या चिरेतून ओल आत शिरली की भुकटी निकामी होते आणि बादलीतल्या सर्व पाण्यात वीज उतरते. पाणी वरून तसेच शांत दिसते. म्हणून पापुद्रे चढलेला, वाकलेला किंवा सांध्याशी काळा पडलेला रॉड काटकसर म्हणून वापरीत राहू नये. आणि नवीन घेताना आयएसआयचे चिन्ह पाहूनच घ्यावा. दोन पिनांचा प्लग, किंवा खोबणीत बसत नाही म्हणून तिसरी पिन मोडलेला प्लग, रॉडला कधीही नसावा.

रॉडच्या वापराचा क्रम ठरलेला असावा व तो घरातल्या सर्वांना पाठ असावा. प्रथम बादली भरावी. मग रॉड त्याच्यावरील खुणेपर्यंत पाण्यात बुडवावा. त्यानंतरच, कोरड्या हाताने, बटन चालू करावे. पाणी तापले की आधी बटन बंद करावे, प्लग उपसून काढावा, थोडा वेळ थांबून रॉड बाहेर घ्यावा, आणि मगच पाण्याला हात लावावा. ऊन झाले का हे पाहण्यासाठी चालू रॉडच्या बादलीत बोट बुडविणे, ही एक सवय आजवर अनेक घरांना भोवली आहे. ती बोटाची गरजच नाही. पंधरा लिटर पाणी वीस अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापविण्यास दीड हजार वॅटच्या रॉडला साधारणपणे सतरा-अठरा मिनिटे लागतात आणि हजार वॅटच्या रॉडला सव्वीस. घड्याळ पाहिले म्हणजे बोटाचे काम होते.

ग्रामीण भागात ह्यात आणखी एक गोम आहे. पाणी तापत असता वीज जाते. दिवा विझतो, लोक बटन बंद करावयास विसरतात. ‘वीज तर नाहीच’ म्हणून कोणी बादलीत हात घालतो, कोणी रॉड बाहेर काढून ठेवतो. आणि त्याच क्षणी वीज परत येते. म्हणून वीज गेली तरी पहिले काम बटन बंद करून प्लग काढण्याचे. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तेथे तर बाहेर अंधार असला तरी भिंतीतल्या तारा जिवंत असू शकतात, हे विसरू नये.

रॉड लावलेली बादली न्हाणीत ठेवू नये, हे तर मूळ सूत्रच झाले. ओटीवर किंवा ओसरीच्या कोरड्या कोपऱ्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, पाणी तापवावे; रॉड काढून टाकावा; मग ऊन पाण्याची बादली उचलून न्हाणीत न्यावी. दहा पावले चालण्याचा हा त्रास हमामखान्याच्या भिंतीचेच काम करतो.

गीझर ही त्यामानाने सुरक्षित सोय आहे, पण नीट बसविलेला असेल तरच. आंतरराष्ट्रीय मानकांत आंघोळीच्या जागेचे विभाग पाडलेले आहेत. स्नानाच्या जागेवर सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा भाग सर्वांत धोक्याचा, आणि तिच्या कडेपासून साठ सेंटीमीटरपर्यंतचा भाग त्याच्या खालोखाल. ह्या भागांत साधी खोबणी व बटने नसावीत. गीझर उंचावर, फवारा थेट पडणार नाही अशा जागी असावा. त्याचे बटन न्हाणीच्या दाराबाहेर असावे. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर घेतो आणि तीन हजार वॅटचा लहान, झटपट पाणी तापविणारा गीझर तेरा. एवढा प्रवाह दिव्याच्या बारीक तारेवरून किंवा लांबविलेल्या एक्स्टेन्शनवरून नेणे म्हणजे भिंतीत निखारा पुरून ठेवण्यासारखे होय. आंघोळीस जाण्यापूर्वी पाणी तापवून घ्यावे, बाहेरचे बटन बंद करावे, आणि मग आत जावे. ही एक सवय लागली, तर गीझरमधील जवळजवळ प्रत्येक दोषापासून अंगावर पाणी घेणारा माणूस वाचतो. नळाला किंवा पाण्याला हात लावता किंचित जरी झिणझिणले, तरी ती अखेरची सूचना समजावी; दुरुस्ती होईपर्यंत गीझर लावू नये.

विजेच्या भयाने कोणी गॅसचा गीझर बंद न्हाणीत बसवितात. तेथेही तेच सूत्र लागू आहे. हवा नसलेल्या खोलीत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वास नसलेला विषारी वायू साठतो आणि माणूस नकळत बेशुद्ध होतो. तेव्हा गॅसचा गीझरही भिंतीपलीकडे, मोकळ्या हवेतच असावा. आग लाकडाची असो, विजेची असो वा गॅसची, तिची जागा बाहेर.

न्हाणीत वीज आणणाऱ्या इतरही वस्तू आहेत. कपडे धुण्याचे यंत्र जागेअभावी पुष्कळदा तेथेच ठेवतात. त्याची खोबणी बाहेर असावी आणि यंत्राला अर्थिंग असल्याची खात्री असावी. केस वाळविण्याचे यंत्र, तारेस लावलेला मोबाइल फोन, पंखा, ह्यांना न्हाणीत मज्जाव असावा. कपडे वाळत घालण्यासाठी धातूची तार बांधू नये. ती कोठे सोललेल्या विजेच्या तारेला घासली, तर ओल्या कपड्यावाटे झटका बसतो. सुताची किंवा नायलॉनची दोरी त्या कामास चांगली.

इतकी काळजी घेऊनही अपघात झालाच, तर काय करावे? येथे धैर्यापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. धक्का बसलेल्या माणसाला धावत जाऊन मिठी मारणारे जिवलगच असतात, आणि त्यामुळेच एका घरातून दोन दोन माणसे गेल्याच्या बातम्या वाचावयास मिळतात. आईने मुलास, मुलाने आईस उघड्या हाताने ओढू नये. प्रथम घराचे मुख्य बटन बंद करावे. म्हणून ते कोठे आहे, हे घरातील दहा वर्षांच्या मुलासही ठाऊक पाहिजे. ते शक्यच नसेल, तर कोरड्या पाटावर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने माणूस व तार ह्यांना वेगळे करावे. ओले लाकूड, धातूची सळई, ओले फडके ह्यांचा उपयोग करू नये. माणूस सुटल्यावर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालत नसेल व शुद्ध नसेल, तर त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवावे आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, जोराने दाबत राहावे. मदत येईपर्यंत, माणसे आलटून पालटून, हे थांबवू नये. मातीत पुरणे, शेणाने लिंपणे असल्या उपायांत जी मिनिटे जातात, त्याच मिनिटांत हृदय परत सुरू होण्याचा संभव असतो. माणूस लगेच उठून बसला तरी त्यास डॉक्टरांना दाखवावे. हृदयाची लय मागाहूनही बिघडू शकते.

ह्या सर्व व्यवस्थेला पैसा लागतो, हे खरे. अर्थिंगचा खड्डा, चांगली तार, आरसीसीबी, परवानाधारक कारागिराची मजुरी हा खर्च गरीब घराला जाणवतो. परंतु बटन बाहेरून बंद करणे, बादली ओसरीवर तापविणे, बोटाऐवजी घड्याळ पाहणे आणि मुलांना मुख्य बटन दाखवून ठेवणे, ह्यांना एक पैसाही लागत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने दोन्ही करावे. ज्याच्याजवळ तो नाही त्याने निदान दुसरे आजच करावे, आणि पहिल्यासाठी एखादा सणाचा खर्च पुढे ढकलावा. घरमालकाने भाडेकरूसाठी आणि वसतिगृह चालविणाऱ्यांनी मुलांसाठी हा खर्च करणे, हे तर त्यांचे कर्तव्यच होय. तेथे राहणाऱ्यास भिंतीतल्या तारा पाहण्याचा अधिकारही नसतो, उपायही नसतो.

बुऱ्हाणपूरच्या हमामखान्याची भट्टी कधीच विझली, स्नान करणारे गेले, त्यांचे वैभवही गेले. त्या कारागिरांनी आग आणि पाणी ह्यांच्या मध्ये भिंत घातली, ती बादशाही थाटासाठी नव्हे, तर आत असणारे माणूस उघडे व असहाय असते हे ओळखून. धूलकोटच्या एखाद्या घरात थंडीच्या पहाटे आई लेकराला न्हाऊ घालण्यास बसते, तेव्हा ते लेकरूही तितकेच उघडे व असहाय असते. त्याच्या अंगावर पडणारे पाणी ऊन असावे आणि त्या पाण्यात उबेवाचून दुसरे काहीही नसावे, एवढी भिंत प्रत्येक घराने बांधावयास हवी.